वीर्याचे नमुने, जेवणाचा वाडगा आणि चघळायचं खेळणं : नॉटिंगहॅमच्या कुत्र्यांचं प्रकरण

अपंग व्यक्तींच्या मदतीला कुत्री तयार करणारं इंग्लंडमधलं एक पैदास केंद्र. तिथे पैदाशीसाठी निवडक नर राखलेले असतात आणि त्यांची पिल्लं पुढे प्रशिक्षणाला जातात. नर कामाचा आहे की नाही हे कळायला त्याचं वीर्य वेळोवेळी तपासणं हा तिथला नेहमीचा व्यवहार. नमुना घ्यायचा, सूक्ष्मदर्शकाखाली किती शुक्राणू सरळ पुढे पोहतात आणि किती नीट घडणीचे दिसतात ते मोजायचं, वहीत लिहायचं. यातून कुणाला काही सिद्ध करायचं नव्हतं. ही नोंद १९८८ पासून २०१४ पर्यंत चालू राहिली. लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, कर्ली कोटेड रिट्रीव्हर, बॉर्डर कॉली आणि जर्मन शेफर्ड अशा पाच जाती, २३२ नर, १,९२५ नमुने.

नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या पशुवैद्यक शाखेतल्या रिचर्ड ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा साठा नीट मांडला आणि ऑगस्ट २०१६ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात त्यावरचा शोधनिबंध आला. पुढच्या काही दिवसांत जगभरच्या वर्तमानपत्रांत ‘कुत्र्यांची प्रजननक्षमता घसरतेय’ अशा बातम्या झळकल्या. त्यात खाद्य, खेळणी, प्लॅस्टिक, प्रदूषण सगळं एकाच पातेल्यात पडलं. कुत्र्याच्या खेळण्यातली रसायनं त्याचे हार्मोन बिघडवतात का, हा प्रश्न मराठी घरांतही आता विचारला जातो. त्याचं उत्तर शोधायला हे प्रकरण सर्वांत चांगलं आहे असं मला वाटतं, कारण यात काय माहीत आहे आणि काय गृहीत धरलेलं आहे, हे वेगळं करता येतं.

आधी या नोंदवहीची किंमत. माणसांच्या वीर्यावरून असाच वाद १९९२ पासून चालू आहे. त्या वर्षी डेन्मार्कच्या संशोधकांनी ६१ जुने अभ्यास एकत्र केले आणि पन्नास वर्षांत शुक्राणूंची संख्या मिलिलिटरमागे ११.३ कोटींवरून ६.६ कोटींवर आल्याचं सांगितलं. टीकाकारांनी लगेच विचारलं: १९४० च्या न्यूयॉर्कमधला आणि १९८० च्या कुठल्या तरी भलत्याच शहरातला नमुना एकमेकांशेजारी ठेवायचा कसा? प्रयोगशाळा वेगळ्या, मोजणारे वेगळे, पद्धती वेगळ्या. प्रश्न रास्त होता. नॉटिंगहॅमच्या कुत्र्यांच्या बाबतीत तो विचारता येत नाही. केंद्र एकच, पद्धत एकच, आणि नमुने घेण्यापासून तपासण्यापर्यंतच्या कामावर गॅरी इंग्लंड या एकाच पशुप्रजनन तज्ज्ञाची देखरेख. दर वर्षी ४२ ते ९७ नर तपासले गेले. माणसांच्या बाबतीत अशी सलग मालिका मिळणं जवळजवळ अशक्य.

आकडे असे. १९८८ ते १९९८ या काळात नीट पुढे पोहणाऱ्या शुक्राणूंचं प्रमाण दर वर्षी सरासरी २.५ टक्क्यांनी घसरलं. मग केंद्राने आपल्या सोयीसाठी एक गोष्ट केली: ज्यांची प्रजननक्षमता कमी वाटत होती ते नर निवृत्त केले. संशोधनाच्या दृष्टीने हा फुकटात झालेला प्रयोगच. घसरण मोजक्या खराब नरांमुळे असती तर ते गेल्यावर ती थांबायला हवी होती. २००२ ते २०१४ मध्ये ती पुन्हा दिसली, वेग कमी, दर वर्षी १.२ टक्के. सव्वीस वर्षांत कुत्र्यांच्या फार पिढ्या होत नाहीत. एवढ्या वेगाची घसरण केवळ आनुवंशिक कारणाने होणं कठीण, असं लेखकांचं म्हणणं. ते मला पटतं, पण पूर्ण नाही. जातिवंत कुत्र्यांत जवळच्या नात्यातले संबंध किती होतात हे पैदास करणाऱ्या कुणालाही विचारा. जनुकांचा वाटा शून्य धरायला मी तयार नाही.

पिल्लांची नोंदही होती. १९९४ नंतरच्या वीस वर्षांत जन्मलेल्या ९९५ वेतांत वृषण खाली न उतरलेल्या नर पिल्लांचं प्रमाण वाढत गेलेलं दिसलं, सुमारे ०.१ टक्क्यावरून १ टक्क्यापर्यंत. दहापट हा शब्द मथळ्याला शोभतो. पण हजारात एकावरून हजारात दहा, असंही ते सांगता येतं आणि तेच जास्त प्रामाणिक वाटतं. हे प्रमाण मोठं नाही. तरी दिशा एकाच बाजूची आहे, आणि ती शुक्राणूंच्या घसरणीशी जुळते. माणसांतही वीर्याचा खालावलेला दर्जा, न उतरलेली वृषणं आणि वृषणाचा कर्करोग या गोष्टी एकत्र आढळतात, आणि त्यांचं मूळ गर्भावस्थेत असावं असा विचार नील्स स्काकेबेक या डॅनिश डॉक्टरांनी २००१ मध्ये मांडला होता.

इथे एक गैरसमज बाजूला ठेवायला हवा. शुक्राणू कमी पोहतात म्हणजे नर वांझ झाला असं नाही. त्याच काळात त्याच केंद्रात शेकडो वेतं झाली आहेत. ही घसरण म्हणजे इशारा आहे. वांझपणाचा दाखला म्हणून तिच्याकडे पाहू नये.

यानंतर शोध सुरू झाला तो कारणाचा. नेहमीच्या नसबंदीत काढलेली कुत्र्यांची वृषणं आणि वीर्य रसायनांसाठी तपासलं गेलं. त्यात दोन नावं ठळक निघाली. एक पीसीबी-१५३. हे औद्योगिक तेलांतलं रसायन. अमेरिकेत १९७९ मध्ये त्याच्या उत्पादनावर बंदी आली, तरी ते मातीत, माशांत, चरबीत अजून फिरतं आहे. दुसरं डीईएचपी, म्हणजे पीव्हीसी हे प्लॅस्टिक मऊ करणारं, थॅलेट गटातलं रसायन. वृषणांत जेवढ्या प्रमाणात ही रसायनं सापडली तेवढीच प्रयोगशाळेत कुत्र्याच्या शुक्राणूंवर सोडली तर त्यांचं पोहणं आणि जिवंत राहणं कमी होतं, असं दिसलं. पुढे २०१९ मध्ये याच गटाने ९ नर कुत्रे आणि ११ पुरुष यांच्या शुक्राणूंवर तोच प्रयोग शेजारी शेजारी केला. परिणाम दोघांत सारखाच: हालचाल मंदावली, डीएनएचे तुकडे वाढले.

आणि हीच रसायनं बाजारात मिळणाऱ्या कुत्र्यांच्या खाद्यात सापडली. खास पिल्लांसाठी म्हणून विकलं जाणारं खाद्यही त्यातून सुटलं नाही. कुणी ती मुद्दाम घालत नाही, हे लेखकांनी स्पष्ट केलं आहे.

म्हणजे नॉटिंगहॅमच्या निबंधात आरोपीच्या पिंजऱ्यात जो उभा आहे तो वाडगा. खेळणं नाही. मग खेळण्याचं नाव आलं कुठून?

त्यासाठी अमेरिकेत, टेक्ससमधल्या लबक गावी जावं लागतं. टेक्सस टेक विद्यापीठातले पर्यावरण-विषतज्ज्ञ फिलिप स्मिथ आणि त्यांच्या सहकारी किंबर्ली वूटन यांनी शिकारी कुत्र्यांच्या प्रशिक्षणात वापरल्या जाणाऱ्या ‘बंपर’कडे लक्ष वळवलं. बंपर म्हणजे साधारण फूटभर लांबीचा, फुगीर, खरखरीत दांडा. तो दूर फेकायचा आणि लॅब्रॅडॉरने तोंडात धरून आणायचा. मारलेला पक्षी न चावता कसा आणायचा याची ती तालीम. दिवसात ही फेकाफेक कितीदा होते याला गणती नसते, आणि प्रत्येक वेळी दांडा लाळेने भिजलेल्या तोंडात.

स्मिथ-वूटन यांनी कुत्र्याच्या लाळेसारखं कृत्रिम द्रावण तयार केलं, त्यात बंपर आणि दुकानातली साधी खेळणी ठेवली आणि द्रावणात काय उतरतं ते मोजलं. चावण्याची नक्कल करायला वस्तू स्टीलच्या चिमट्याने दाबल्या. काही वस्तू उघड्यावर उन्हापावसात ठेवून जुन्या केल्या. हा निबंध २०१३ मध्ये ‘केमोस्फिअर’ नियतकालिकात आला. थॅलेट आणि बिस्फेनॉल-ए, म्हणजे बीपीए, दोन्ही द्रावणात उतरले होते. बंपरमधून जास्त, साध्या खेळण्यांतून कमी. ऊन-पाऊस खाल्लेल्या वस्तूंतून आणखी जास्त. काही खेळण्यांच्या द्रावणाने पेशींवरच्या चाचणीत इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखा परिणाम दाखवला, आणि मोजलेली थॅलेटं-बीपीए एवढ्यानेच तो झाला असं म्हणता येत नव्हतं. म्हणजे ज्यांचं नावही चाचणीच्या यादीत नव्हतं असं काहीतरी त्यात होतं. मला या निबंधातलं सर्वांत अस्वस्थ करणारं वाक्य हेच वाटतं.

हे कशामुळे उतरतं, तर पीव्हीसी मुळात कडक असतं. नळाचे पाइप बघा. त्याला पिळवटता येईल असं मऊ करायचं तर त्यात थॅलेटसारखं तेलकट द्रव्य मिसळावं लागतं, कधी कधी वजनाच्या तिसऱ्या हिश्शाहूनही जास्त. हे द्रव्य प्लॅस्टिकला रासायनिक बंधाने जोडलेलं नसतं. ओल्या फडक्यातल्या पाण्यासारखं ते नुसतं धरून ठेवलेलं असतं. दाबलं, तापलं, तेलाचा स्पर्श झाला की बाहेर येतं. जुनी खेळणी हाताला चिकट लागतात, ते हेच. बीपीएची गोष्ट थोडी वेगळी. ते पॉलिकार्बोनेट या कडक प्लॅस्टिकचा आणि डब्यांच्या आतल्या इपॉक्सी लेपाचा घटक असतं, आणि त्याचा इस्ट्रोजेनसारखा गुण १९३६ पासून, म्हणजे प्लॅस्टिकच्या बाटल्या बाजारात येण्याच्या बऱ्याच आधीपासून, वैज्ञानिकांना माहीत आहे.

शरीरात गेल्यावर डीईएचपीचं मोनोएस्टर या लहान रेणूत रूपांतर होतं. उंदरांवरच्या प्रयोगांतून दिसतं की गर्भातल्या नराच्या वृषणात टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या पेशींचं काम ते मंदावतं, आणि वृषण खाली ओढून आणण्याच्या कामी येणारं इन्सुलिनसारखं एक संप्रेरकही कमी होतं. न उतरलेल्या वृषणांचा धागा इथे जुळतो.

पण इथेच खेळण्याविरुद्धचा खटला लंगडा पडतो, आणि याची चर्चा मला फारशी कुठे दिसली नाही. कुत्र्यात वृषणं जन्मानंतर थोड्याच दिवसांत पोटातून बाहेर येतात आणि पाच-सहा आठवड्यांत जागेवर बसतात. पिल्लू नव्या घरी येतं साधारण आठ आठवड्यांचं झाल्यावर. दात शिवशिवायला लागून चपला-खुर्च्या-खेळणी कुरतडण्याचा त्याचा काळ तिसऱ्या ते सहाव्या महिन्यातला. म्हणजे तुम्ही हौसेने आणलेलं रबरी हाड त्याच्या वृषणाच्या उतरण्यावर परिणाम करण्याची शक्यता फार कमी. तो निकाल बहुधा आधीच लागलेला असतो. परिणाम करणारं काही असेल तर ते गाभण आणि दूध पाजणाऱ्या आईच्या पोटात गेलेलं. तिचं खाणं, तिचं पाणी, तिने चघळलेलं. ज्याला खरोखर काळजी घ्यायची आहे त्याने पिल्लाच्या खेळण्याआधी मादीच्या गाभणपणाच्या नऊ आठवड्यांकडे पाहावं.

प्रौढ नराचं वेगळं. शुक्राणू सतत तयार होत असतात, त्यामुळे रोजच्या संपर्काचा परिणाम तिथे कधीही होऊ शकतो. तरीही नॉटिंगहॅम आणि लबक यांच्यामधला पूल कुणी बांधलेला नाही. एका बाजूला वृषणात डीईएचपी सापडतं. दुसऱ्या बाजूला खेळण्यातून डीईएचपी लाळेत उतरतं. एका कुत्र्याच्या शरीरातल्या एकूण थॅलेटपैकी किती खेळण्यातून, किती खाद्यातून, किती सोफ्याच्या कव्हरवरच्या आणि फरशीवरच्या धुळीतून आलं, हे या दोन्हींपैकी एकही अभ्यास सांगत नाही. पीसीबी तर खेळण्यातून येतच नाही. शिवाय तपासलेली वृषणं नेहमीच्या नसबंदीतली होती, पैदास केंद्राच्या त्या २३२ नरांची नव्हेत. बातम्यांनी ही फट बुजवून टाकली. ‘खेळण्यामुळे कुत्रे वांझ होतात’ असं म्हणणाऱ्याकडे पुरावा नाही. ‘खेळण्यातून काही होत नाही’ म्हणणाऱ्याकडेही नाही.

वाडग्याबद्दल आणखी एक पुरावा इथे नोंदवायला हवा, कारण तो लेबल वाचणाऱ्यांसाठी आहे. मिसुरी विद्यापीठात १४ निरोगी पाळीव कुत्र्यांना दोन आठवडे डबाबंद खाद्य दिलं गेलं. त्यातलं एक खाद्य बीपीएमुक्त समजलं जात होतं. दोन्ही खाद्यांत बीपीए निघालं आणि कुत्र्यांच्या रक्तातलं त्याचं प्रमाण जवळजवळ तिप्पट झालं. खेळण्यांवरच्या ‘बीपीए फ्री’ शिक्क्याकडेही मी त्याच नजरेने बघतो. तो शिक्का खरा असला तरी बीपीएच्या जागी काय घातलं हे तो सांगत नाही, आणि थॅलेटबद्दल तर तो गप्पच असतो.

सुरक्षित मर्यादेचा आधार घ्यावा तर ती रेघही हलते आहे. युरोपच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने माणसासाठी बीपीएची रोजची सह्य मात्रा २०१५ मध्ये शरीराच्या वजनाच्या किलोमागे ४ मायक्रोग्रॅम ठरवली होती. २०२३ मध्ये ती ०.२ नॅनोग्रॅमवर आणली. वीस हजारपट खाली. आणि हे माणसाचं.

कायद्यात कुत्र्याचं तोंड कुठे आहे? युरोपने २००५ च्या निर्देशाने मुलांच्या खेळण्यांत डीईएचपीसह तीन थॅलेटांवर ०.१ टक्क्याची मर्यादा घातली. अमेरिकेने २००८ च्या कायद्यात तेच केलं, बारा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या खेळण्यांसाठी. दोन्ही ठिकाणी तर्क एकच होता: मूल खेळणं तोंडात घालतं. कुत्रा तेच जास्त जोराने आणि जास्त वेळ करतो, पण तो व्याख्येत बसत नाही. लबकच्या बंपरमधून उतरलेलं प्रमाण मुलांच्या खेळण्यांशी ताडलं तर वरच्या टोकाला जाईल, असं त्या संशोधकांचं म्हणणं होतं. युरोपात जुलै २०२० पासून चार थॅलेटांवरची मर्यादा घरगुती वापराच्या इतर वस्तूंनाही लागू झाली. कुत्र्याच्या खेळण्याला तिचा फायदा मिळतो तो आडून, कारण सवलत कुठे द्यायची आणि कुठे नाही याचा निकष माणसाच्या त्वचेशी येणारा संपर्क हा आहे.

आपल्याकडे खेळण्यांचा गुणवत्ता आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे आणि खेळण्यावर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे; थॅलेटची चाचणी या मानकांच्या कुटुंबातलीच. पण तोही चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांपुरता. पेट शॉपमध्ये टांगलेलं चूं-चूं वाजणारं गुलाबी हाड त्यात येत नाही. म्हणून विक्रेत्याला ‘हे सेफ आहे ना?’ विचारलं तर तो ‘हो’ म्हणणार, आणि त्या ‘हो’ला कागदाचा आधार नसणार.

आता घरात काय करायचं, हे लोक विचारतातच. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या मालकाला शुक्राणूंची चिंता नाही, हे खरं. त्याला मी आधी दुसरीच चिंता सांगेन: खेळण्याचा तुकडा गिळून आतड्यात अडकणं. त्यासाठी ऑपरेशन टेबलावर जाणारे कुत्रे प्रत्येक शहरात आहेत, त्यात कुठलाही ‘कदाचित’ नाही. दोऱ्याची खेळणी नैसर्गिक म्हणून घेतली जातात, पण सुटे धागे गिळले तर आतडं गोळा होतं. या कसोटीवर जे खेळणं नापास होतं ते रसायनांच्या कसोटीवर पास झालं तरी काय उपयोग?

त्यानंतर रसायनं. डब्यातून काढल्यावर ज्याचा उग्र वास येतो, जे मऊ, चकचकीत, पिळता येण्याजोगं आहे आणि कशापासून बनलंय हे ज्यावर लिहिलेलं नाही, ते घेऊ नये. भरीव, जाड नैसर्गिक रबर बरं. रबरातही प्रक्रियेची रसायनं असतात, पण पीव्हीसीइतकं मऊकारक द्रव्य त्यात लागत नाही. गॅलरीत उन्हात पडलेलं, चिरा गेलेलं, चिकट झालेलं खेळणं टाकून द्यावं, भले त्याला तेच आवडत असो. लबकच्या प्रयोगात जुनेपणानेच तर प्रमाण वाढलं होतं. खेळणं खेळून झालं की उचलून ठेवावं. रात्रभर तोंडात राहू देऊ नये. जेवणाला स्टीलचं भांडं, आणि गरम भात-चिकन प्लॅस्टिकच्या डब्यात काढू नये. मराठी घरात यासाठी नवं काही विकत आणावं लागत नाही. यातलं खेळणं बदलणं सर्वांत सोपं, म्हणून ते करावं. खाद्यातलं आणि धुळीतलं प्रमाण आपल्या हातात कमीच असतं.

पैदास करणाऱ्यांसाठी मात्र या प्रकरणातून एक काम निघतं, आणि त्याला पैसे लागत नाहीत. नॉटिंगहॅमला जे सापडलं ते कुणीतरी सव्वीस वर्षं एकाच पद्धतीने लिहून ठेवलं म्हणून. त्याच गटाने २०२१ मध्ये ब्रिटन, डेन्मार्क आणि फिनलंडमधल्या कुत्र्यांची वृषणं तपासली, तेव्हा रसायनांचं चित्र जागेप्रमाणे बदललेलं दिसलं. म्हणजे इंग्लंडच्या मिडलँड्स भागाचं उत्तर सांगलीला जसंच्या तसं लागू पडेल असं नाही. जत-सांगोल्याकडे कारवानी जातीची शिकारी कुत्री राखणारे असोत की पुण्यात लॅब्रॅडॉरची वेतं काढणारे, प्रत्येक वेताला एक ओळ पुरे: मादीचं आणि नराचं नाव, विण्याची तारीख, नर किती, माद्या किती, मेलेली किती, आठव्या आठवड्याला दोन्ही वृषणं हाताला लागतात का, मादीला गाभण असताना कुठलं खाद्य होतं. पिल्लू विकताना एक अंड उतरलेलं नाही हे गिऱ्हाइकापासून लपवायची रीत आहे, ती ठाऊक आहे. वहीत तरी खरं लिहावं.